बाबा उभे राहिले, असं तू लिहिलंस

११ जानेवारी

दादा,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे काही लिहीत नाही. लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि खोटं लिहिण्याचं खातं आपल्या घरात सध्या तुझ्याकडे आहे.

पत्र का, असं तुला वाटेल. फोन तू उचलत नाहीस. मेसेजला अंगठा दाखवतोस. आईला दवाखान्यात ठेवलंय असं कळवलं होतं, तेव्हाही अंगठाच आला होता. कागदाला अंगठा दाखवता येत नाही. निदान मला दिसेल असा तरी नाही.

रविवारच्या पुरवणीतला तुझा लेख वाचला. 'माझे दहा आवडते युद्धपट.' वाचला म्हणजे ऐकला. दुकानात एक बाई नवा चष्मा न्यायला आल्या होत्या. नंबर नीट बसतोय का बघायला मी त्यांच्या हातात समोर पडलेली पुरवणी दिली, म्हटलं, बारीक अक्षर वाचून बघा. त्या मोठ्याने वाचायला लागल्या. 'माझे वडील सैनिक होते.' मग वरचा फोटो बघून म्हणाल्या, अगं, हा तुझाच भाऊ ना? चष्मा उत्तम बसला होता. एकाही शब्दाला अडखळल्या नाहीत.

दोन ते दहा क्रमांकांबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला ते सिनेमे ठाऊक नाहीत. तुला त्यातल्या धुराचा रंग आवडतो, कॅमेरा कुणाच्या खांद्यावरून फिरतो ते आवडतं, आवडू दे. मी बोलतेय ते पहिल्या क्रमांकाबद्दल. बर्फातल्या चौकीचा सिनेमा. तू लिहिलंयस: 'मी अकरा वर्षांचा होतो. शेवटच्या दृश्यात चौकीवर उरलेला एकटा शिपाई बर्फात ताठ उभा राहतो. त्या क्षणी माझ्या शेजारी, अंधारात, माझे वडीलही ताठ उभे राहिले. त्यांच्या गालांवर पाणी होतं. युद्ध म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.'

दादा, शेवटच्या दृश्याला बाबा थिएटरात नव्हते.

मध्यंतराच्याही आधी ते उठले, माझा हात धरला आणि बाहेर आले. आम्ही मागच्या बाजूला, जिथे सायकली लावत तिथल्या कठड्यावर बसलो. भिंतीतून गोळ्यांचा आवाज येत होता, मध्येच टाळ्या. बाबा म्हणाले, "तिथे फार व्यवस्थित मरतायत." मला काही कळलं नाही. मी हसले, कारण मला वाटलं तेही हसतील. ते हसले नाहीत. खाली वाकून त्यांनी माझ्या बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. सोडली आणि परत बांधली. सिनेमा सुटेपर्यंत तेच चाललं होतं.

बाबा फौजेत ड्रायव्हर होते, जखमींच्या गाडीवर. तू 'सैनिक' लिहिलंस, तेही चूक नाही म्हणा. पण डोंगरावरच्या चौकीवरून निघताना गाडीत मागे बोलत असलेली माणसं खाली पोचेपर्यंत गप्प झालेली असायची, एवढं त्यांनी आईला एकदा सांगितलं होतं, आणि ते तुलाही माहीत आहे. त्या माणसाला तू एका सिनेमाच्या शेवटाला सलाम ठोकायला उभं केलंस.

पुढच्या रविवारी दोन ओळी छाप. माझी आठवण चुकली, एवढंच लिही. मोठा कमीपणा येणार नाही तुला.

तुझी बहीण


२३ जानेवारी

दादा,

तुझं उत्तर आलं. टाइप केलेलं, खाली सही. माझ्या दुकानाला लेन्सवाल्या कंपनीची पत्रं येतात, तीही यापेक्षा मायेची असतात.

तू म्हणतोस, आठवणीचं सत्य वेगळं आणि घडलेलं सत्य वेगळं. तू म्हणतोस, मी तेव्हा सहा वर्षांची होते आणि सहा वर्षांच्या मुलीला कठडा आठवतो, सिनेमा नाही. तू असंही म्हणतोस की मी बाबांना घरात डांबून ठेवलंय, चार लोकांना त्यांची किंमत कळली तर माझ्या पोटात का दुखावं?

माझ्या पोटात का दुखतं ते सांगते.

बाबांनी तुझा लेख कापून शर्टाच्या खिशात ठेवलाय. शर्ट धुवायला टाकताना आधी तो निघून दुसऱ्या शर्टात जातो. दूधवाल्याला दाखवून झाला, वरच्या मजल्यावरच्या म्हातारीला वाचून दाखवून झाला, तिला ऐकू येत नाही तरीही. एवढं मी समजू शकते. मुलाने आपल्याबद्दल पेपरात लिहिलं, त्याचं कौतुक कुठल्या बापाला नसतं? त्याचा मला राग नाही.

काल त्यांना आणायला केशकर्तनालयात गेले. ते खुर्चीत होते, मानेभोवती कापड, पाठ माझ्याकडे. न्हावी म्हणाला, मग काका, तुम्ही खरंच उभे राहिलात? आणि बाबा सांगायला लागले. शेवटचा शिपाई कसा होता, बर्फ कसा पडत होता, संगीत कसं चढत गेलं, आणि आपल्याला बसवेना म्हणून आपण कसे उठलो. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते खोटं बोलत नव्हते, दादा. त्यांना ते आठवत होतं.

घरी येताना मी विचारलं, बाबा, आपण तर बाहेर कठड्यावर बसलो होतो ना? त्यांनी खिशातला लेख चाचपला. मग म्हणाले, एवढा शिकलेला माणूस तो, चुकीचं कशाला लिहील?

तुझ्या त्या पाच ओळींनी काय केलं ते कळतंय का? बाबांकडे त्या लढाईचं बोलण्यासारखं फार थोडं होतं. जे होतं ते त्यांचं होतं. त्यातलं एक तू काढून घेतलंस आणि त्या जागी सिनेमातलं बसवलंस, आणि आता ते तेच हातात घेऊन गावभर फिरतायत.

दोन ओळी अजून छापून आलेल्या नाहीत. मी आता पुरवणी विकत घेते. मलाच लाज वाटते.


६ फेब्रुवारी

दादा,

घ्या. आता वरात निघाली.

इथलं चित्रपट मंडळ तुला आठवत असेल. अध्यक्ष आता दातांचे डॉक्टर आहेत. दर महिन्याला एक सिनेमा, मग त्यावर चर्चा, आणि चर्चेत भांडण. या वेळी त्यांनी युद्धपट ठरवलाय. तुझा लेख वाचूनच. प्रमुख पाहुणे बाबा. मला कुणी विचारलं नाही. डॉक्टर बाबांना बाजारात भेटले, बाबा हो म्हणाले, आणि छापील पत्रिका आली तेव्हा मला कळलं.

कुठला सिनेमा दाखवायचा यावर मंडळात एकमत होईना, म्हणून परवा संध्याकाळी सगळे आपल्या घरी आले. बाबांनी निवाडा करायचा. आपल्या त्या पुढच्या खोलीत, जिथे चार माणसं बसली की पाचव्याला दारात उभं राहावं लागतं. डॉक्टर, औषधांच्या दुकानाचा मालक, भूगोलाच्या बाई आणि व्यायामशाळावाला. व्यायामशाळावाला एकटाच दोघांची जागा खातो.

औषधवाल्याला पाणबुडीचा सिनेमा हवा होता. तो म्हणे एकोणीस वेळा पाहिलाय. वर शत्रूचं जहाज, खाली माणसं श्वास धरून, आणि एकाला खोकला येतो. खोकल्यापर्यंत आल्यावर त्याने स्वतःच खोकून दाखवलं. भूगोलाच्या बाईंचं म्हणणं, ज्यात एकही गोळी सुटत नाही तोच खरा युद्धपट. त्यांच्या आवडीच्या सिनेमात एक आई सबंध वेळ स्टेशनावर बसलेली असते. व्यायामशाळावाला म्हणाला, ते बघून माझी पोरं झोपतील, बघून छाती फुगेल असं काहीतरी हवं. बाई म्हणाल्या, छाती फुगवायला तुमच्याकडे वेगळी यंत्रं आहेत ना? डॉक्टर हसले, व्यायामशाळावाला लाल झाला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. खरं सांगते, दुसऱ्या कुणाच्या घरात असते तर मीही बसून भांडले असते. मजा येत होती.

मग सगळे बाबांकडे वळले. काका, तुम्ही तिथे होतात. यातलं सगळ्यात खरं कुठलं?

मला वाटलं, आता तरी बोलतील. एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं.

बाबा औषधवाल्याला म्हणाले, पाणबुडी ना, हो, अगदी तशीच असते. समुद्र त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. बाईंना म्हणाले, आयांचे फार हाल होतात हो. व्यायामशाळावाल्याला म्हणाले, छाती तर फुगायलाच पाहिजे. प्रत्येकाला जे हवं ते दिलं, जसं चहात कुणाला किती साखर ते विचारून द्यावं. आणि शेवटी खिशातून तुझा लेख काढला आणि म्हणाले, पण मुलाने चौकीचा सिनेमा पहिला लावलाय, तेव्हा तोच दाखवा.

संपलं. एकमताने पास. जाताना डॉक्टर म्हणाले, तुमच्या बंधूंनाही बोलावलंय, ते येतो म्हणालेत.

येतो म्हणालास? आई गेली तेव्हा तू सकाळी आलास आणि दुपारच्या गाडीने गेलास, तेव्हापासून हा उंबरा पाहिलेला नाहीस. आता मंडळाच्या पत्रिकेवर नाव छापलं म्हणून येणार?

ये. पण त्याआधी बाबांना फोन कर आणि सांग की उभं राहायची गरज नाही. मी सांगून बघितलं. माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील.


१८ फेब्रुवारी

तू आला नाहीस.

तू फोनही केला नाहीस, ते त्या दिवशी दुपारी कळलं. तुझ्याऐवजी तुझं रेकॉर्ड केलेलं भाषण आलं. मागे पुस्तकांचं कपाट, समोर तू, केस नीट विंचरलेले. 'माझे बाबा आज तुमच्यामध्ये बसलेत.' बाबा पहिल्या रांगेत बसून पडद्यावरच्या तुझ्याकडे बघत होते आणि मान डोलावत होते, जसा तू त्यांच्याशीच बोलतोयस.

तू व्हिडिओ पाहिलायस, मला माहीत आहे. पाहिलायस, वर तुझ्या पानावर टाकलायस, आणि खाली लिहिलंयस, 'पुन्हा एकदा.' हजारो लोकांनी हात जोडलेत. त्या व्हिडिओत जे नाही ते मी सांगते.

शेवटचं दृश्य जवळ यायला लागलं तसा पडद्याकडे कुणी बघेना. सगळं थिएटर बाबांकडे वळलं. व्यायामशाळावाल्याने मोबाइलचा दिवा त्यांच्यावर धरला. फोटोवाला गुडघ्यावर बसून तयार. पडद्यावर तो शिपाई बर्फातून उठायला लागला आणि बाबाही उठायला लागले. तुला त्यांचे गुडघे माहीत नाहीत. मला माहीत आहेत, रोज सकाळी मीच त्यांना तेल लावते. दोन्ही हातांनी समोरचा कठडा धरून ते वर आले, आणि मग कठडा सोडला. त्यांच्यामागे सगळं थिएटर उठलं. टाळ्या. व्हिडिओ इथे संपतो.

सिनेमा संपला नाही, दादा. त्या दृश्यानंतर अजून बरंच काही आहे. शिपायाला लहानपणीचं घर दिसतं, बर्फ वितळतो, नावं येतात, एकामागून एक नावं. तुला पाठ असेल. आणि बाबा उभेच. बसा असं कुणी म्हणेना, आणि ते उभे म्हणून लोकही उभे. त्यांचा डावा पाय थरथरायला लागला. मग दोन्ही. मी बाजूच्या खुर्चीवरून बाही ओढली, बाबा, बसा. ते बसले नाहीत. पडद्याकडेच बघत, ओठ न हलवता म्हणाले, "लिहिलंय त्याने. आता उभं राहायलाच हवं."

पँट ओली झाली होती. ते कुणाला दिसलं नाही. माझ्या शालीखाली झाकलं मी.

मग मी जे केलं ते तुला औषधवाल्याकडून की डॉक्टरांकडून कळलंच असेल, पण माझ्याकडून ऐक. मी मागे जाऊन सिनेमा थांबवायला लावला. दिवे लागले. मंचावर गेले, डॉक्टरांच्या हातातला माइक घेतला आणि सांगितलं की माझे वडील हा सिनेमा अर्धवट टाकून बाहेर गेले होते. मी त्यांच्याबरोबर होते. त्यांना हे बघवलं नव्हतं. आता त्यांना घरी जाऊ द्या.

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं.

बाबा म्हणाले, "ती लहान होती. तिला आठवत नाही."

बस, एवढंच. अगदी प्रेमाने म्हणाले, आणि लोकांना हायसं वाटलं. कुणीतरी हसलंही. भूगोलाच्या बाईंनी माझ्या हातातून माइक काढून घेतला, हळूच, वेड्या माणसाच्या हातून सुरी काढून घ्यावी तसा.

आता दुकानात गिऱ्हाइकं फ्रेम बघता बघता मला समजावतात. भावाच्या मोठेपणाचं वाईट वाटून घेऊ नये म्हणतात. एक जण म्हणाला, तुमचं काम नजरेचं, पण मनाचाही नंबर तपासून घ्यायला हवा. त्याची जुनी फ्रेम त्याला परत दिली आणि म्हटलं, दुसरीकडे करून घ्या.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे मीच बोलत नाही. ते बोलायला येतात आणि मी उठून जाते.

तू तिकडे बसून दहा सिनेमे निवडतोस. तुझ्या आवडीची किंमत इकडे कोण भरतं, ते एकदा येऊन बघ.


२ मार्च

दादा,

हाताने लिहिलेलं पत्र आलं तुझं. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे पडत जाणारं. मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना, आणि त्याला चुकीची डबी दिली.

तुला माहीत होतं तर.

बाबा तुझ्या कानात म्हणाले होते, 'तू थांब, आलोच.' आणि आले नाहीत. तू त्यांच्या खुर्चीवर पाय ठेवून बसलास, कुणी बसू नये म्हणून. मध्यंतरात शेंगा विकणारा आला तेव्हाही उठला नाहीस, जागा जाईल म्हणून. शेवटाला लोक उठले तेव्हा तू खुर्चीवर उभा राहून दाराकडे बघत होतास. सगळे उभे होते, फक्त बाबा नव्हते, आणि मग पुढे किती वर्षं तो सिनेमा आठवताना तू त्या खुर्चीत त्यांना उभं करत राहिलास, शेवटी ते तिथे होतेच असं झालं. 'तुला बाहेर नेलं,' तू लिहिलंयस. 'मला आत ठेवलं.'

हे वाचल्यावर तुझ्यावर चिडायला मला पहिल्यांदा मेहनत पडली. इतकी वर्षं त्या दुपारचं मी कुणाकुणाला सांगितलं असेल, मैत्रिणींना, आईला, स्वतःला. त्यात कठडा आहे, नाडी आहे, बाबा आहेत, मी आहे. आत तू आहेस हे कधी मनात आलंच नाही. तू सिनेमा बघत होतास, मजेत होतास, असंच धरून चालले.

पण मेहनत पडली तरी चिडतेच आहे. कारण मग हे लिहायचं होतंस. 'माझे वडील उठून गेले आणि मी एकटा लढाई बघत बसलो.' तो लेख मी स्वतः पेपर घेऊन वाचला असता. कापून ठेवला असता. तुला तेवढी हिंमत झाली नाही, म्हणून म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवर भागवलंस.

तुझं पत्र घेऊन मी बाबांकडे गेले. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. थिएटरनंतर पहिल्यांदाच मी त्यांच्याशी बोलले, आणि सरळ विचारलं. मला नेलंत, त्याला का नाही?

बाबांनी नाही म्हटलं नाही. आठवत नाही असंही म्हटलं नाही. म्हणाले, "तो टाळ्या वाजवत होता."

पुढचं ते तुकड्यातुकड्यांनी सांगत गेले. थिएटरात सगळेच वाजवत होते म्हणे. माणूस पडला की टाळ्या. तू त्यांच्या मांडीवर हात आपटून म्हणत होतास, बाबा, तो बघा पडला, तो बघा. तुझी चूक नव्हती, पोर होतास, सिनेमा तसाच होता. पण त्यांना तुझ्या शेजारी बसवेना. तुझ्याकडे बघवेना. मी लहान होते, घाबरले होते, त्यांची बाही धरून बसले होते. मला उचलून नेणं सोपं होतं.

मग परत आत जायला निघाले होते का, असं मी विचारलं. ते म्हणाले, गेलो होतो, दारापर्यंत. तू तेवढा वेळ एकटी बसली होतीस. दाराच्या फटीतून तो दिसला. इतका खूश दिसत होता.

घरी आल्यावर तू त्यांना सगळा शेवट सांगितलास. खोलीच्या मधोमध उभं राहून तो शिपाई कसा उभा राहिला ते करून दाखवलंस. बाबा वा म्हणाले. आई म्हणाली, बघा, तुमच्यावर गेलाय. ते म्हणतात, त्यानंतर तुला काही सांगायची वेळच गेली. आणि तू सिनेमांचा माणूस झालास.

मग मी दुसरं विचारलं. त्या दिवशी उभे का राहिलात, आणि मला सगळ्यांसमोर खोटं का पाडलंत?

खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होऊन निघून गेली, मग बाबा बोलले. "त्याला वाटू दे मी आत होतो. एकदा तरी." आणि पुढे म्हणाले, "तुला खोटं पाडलं तरी तू मला जेवायला वाढशील, हे मला माहीत होतं. त्याचं तसं नाही ना."

दादा, माझा राग आता तुझ्यावर किती आणि त्यांच्यावर किती, मला सांगता येत नाही. जो जवळ असतो त्याच्या अंगावर पाय देऊन लांबच्याकडे हात करायचा, हे तुम्हा दोघांना किती सहज जमतं. तू बाबांवर पाय दिलास, बाबांनी माझ्यावर. मी कुणावर देऊ? माझ्याखाली कुणी नाही.

त्या संध्याकाळी मी वाढलं नाही. ताट झाकून ठेवलं आणि म्हटलं, घ्या हाताने. त्यांनी घेतलं. भाजी सांडली, ती पुसली, ताट धुऊन ठेवलं. मी आतल्या खोलीत बसून सगळा आवाज ऐकत होते.


९ मार्च

दादा,

तुझा फोन आला तेव्हा मी दुकानात होते, म्हणून बाबांनी उचलला. काय बोललात ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी घरी आले तेव्हा ते आरशासमोर उभे राहून दाढी करत होते, आणि दाढी त्यांनी सकाळीच केली होती.

शनिवारी येतोयस, एवढंच त्यांनी सांगितलं.

पत्राच्या शेवटी तू मला विचारलंयस की आता खरं काय ते पुरवणीत लिहू का? नको. मी दोन ओळी मागितल्या होत्या तेव्हा दिल्या नाहीस, आता पानभर नकोत. तू लिहिशील, छान लिहिशील, लोक रडतील, आणि बाबा तेही कापून खिशात ठेवतील. मग न्हाव्याच्या खुर्चीत बसून त्याला सांगतील की आपण मुलाला आत सोडून कसे गेलो. ते मला ऐकवणार नाही. इथल्या लोकांना माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटू दे. डॉक्टर मात्र कालच आले होते, नवा चष्मा करून घ्यायला. फ्रेम बघता बघता म्हणाले, त्या दिवशी त्यांना बसवायला हवं होतं, मला दिसत होते त्यांचे पाय. मी म्हटलं, दिसत होते तर बसवायचं होतं. चष्मा मी नीटच करून दिला.

आता काही गोष्टी सांगून ठेवते. घरात कुठलाही सिनेमा लावायचा नाही. मोबाइल बाहेर काढायचा नाही. बाबांना काही विचारायचं असेल तर गॅलरीत विचार, तिथे ते बोलतात, खोलीत बोलत नाहीत. मध्येच गप्प झाले तर वाक्य पुरं करून देऊ नकोस. तुझी सवय आहे ती. ते सापडेल तो शब्द स्वतः घेतील, किंवा घेणार नाहीत. आणि ते टाळ्यांबद्दल बोलले तर तेव्हा मी लहान होतो असं म्हणू नकोस. ते त्यांना माहीत आहे.

सकाळी तेल लावायचं असतं, गुडघ्यांना. शनिवारी आणि रविवारी ते तू लावशील. मी दाखवीन, कुठे दाबायचं आणि कुठे नाही.

माझी माफी मागू नकोस. मागितलीस तर मी बहुतेक देईन, आणि मला ती इतक्यात द्यायची नाही.

दार मी उघडीन. आधी तुला जिन्यावरच थांबावं लागेल, कारण मला जे बोलायचंय ते बाबांच्या कानावर जाण्यासारखं नाही, आणि ते थोडकं नाही. ते सगळं ऐकून घे, उलट बोलू नकोस. मग चप्पल काढ आणि आत ये.